एका गोळ्यातून शंभर पणत्या

पणती विकत घेताना ग्राहक तिचा काठ पाहतो, रंग पाहतो, वात टेकवायची चोच नीट आहे की नाही ते पाहतो. बूड सहसा कोणी पाहत नाही. चाकावर घडलेली साधी, बिनरंगाची पणती उपडी करून उजेडात धरली, तर तिच्या बुडावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक वक्र रेषा दिसतात. एका कडेशी त्या जवळ येतात आणि दुसरीकडे पंख्यासारख्या पसरत जातात. ही नक्षी नव्हे. चाक फिरत असतानाच ओल्या मातीतून सूत ओढून पणती कापून घेतली, त्याची ही खूण आहे. साच्यात दाबून काढलेल्या पणतीला ती नसते. हजारो वर्षांपूर्वीची खापरे हाती आली की पुरातत्त्वज्ञही आधी बूड पाहतात आणि भांडे फिरत्या चाकावर कापले गेले होते की नाही, हे याच रेषांवरून ठरवतात.

या खुणेमागे कुंभारकामातील एक खास पद्धत आहे. आधुनिक स्टुडिओत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा एका भांड्यासाठी मातीची एक गोळी दिली जाते. ती तोलायची, चाकाच्या तबकडीवर आपटून चिकटवायची, मध्यावर आणायची, भांडे घडवायचे, चाक थांबवायचे, तारेने भांडे सोडवायचे आणि मग दुसरी गोळी घ्यायची. भारतातील परंपरागत कुंभार लहान भांड्यांसाठी असे करत नाही. तो आठ-दहा किलोंचा एकच मोठा गोळा चाकावर शंकूसारखा उभा करतो आणि त्याच्या माथ्यावर एकामागून एक भांडी घडवत जातो. एक पणती झाली की कापली, उचलली, बाजूच्या फळीवर ठेवली. तोवर दुसऱ्या हाताने माथ्याची माती पुन्हा सारखी केलेली असते. लहान पणत्या असतील तर एका गोळ्यातून शंभरही निघतात. संक्रांतीची सुगडे, भातुकलीची बोळकी, चहाचे कुल्हड, दह्याच्या वाट्या ही सारी या माथ्यावरच्या घडणीचीच अपत्ये. माठ आणि रांजण मात्र तिच्यात बसत नाहीत. ते जाड घडवून, थोडे सुकवून, नंतर थापटण्याने ठोकून मोठे करावे लागतात.

पाहणाऱ्याला वाटते की एवढा मोठा गोळा आधी पूर्णपणे मध्यावर आणला जात असेल. तसे नसते, आणि या पद्धतीचे खरे रहस्य येथेच आहे. खालचा गोळा किंचित डुगडुगत असला तरी चालतो. कुंभार केवळ माथ्यावरची नारळाएवढी किंवा लिंबाएवढी माती दोन्ही तळव्यांत धरून स्थिर करतो. तिच्या खाली करंगळीच्या कडेने एक खाच पाडतो. या खाचेच्या वर भांडे आणि खाली भांडवल, असे म्हणता येईल. मग अंगठा मधोमध उतरतो, आतली बोटे आणि बाहेरची बोटे यांच्या चिमटीत भिंत वर येते, काठ ओल्या चिंधीने दाबला जातो. पणती असेल तर काठाला एका जागी बोटाने चिमटा बसतो. शेवटी सुताचे एक टोक खाचेत टेकवले जाते, चाकाच्या फेऱ्याबरोबर ते स्वतःच गुंडाळले जाते आणि किंचित ओढताच भांडे हातात येते. लहान पणतीला या साऱ्यासाठी पंधरा-वीस सेकंद पुरतात.

माती किती घ्यायची हे तराजू सांगत नाही. दोन तळव्यांत धरलेल्या मातीचा घेर आणि खाचेची जागा एवढाच हिशेब असतो, आणि तो इतका पक्का असतो की शंभर पणत्या एकीवर एक रचल्या तरी चवड तिरकी होत नाही. जुन्या रोखपालांना नोटांच्या गड्डीतील एखादी जादा नोट अंगठ्याला जाणवत असे, त्या जातीचे हे ज्ञान आहे. ते लिहून देता येत नाही आणि परीक्षेत विचारताही येत नाही.

ही पद्धत रूढ का झाली, याचे उत्तर चाकातच आहे. कुंभाराचे जुने चाक जड दगडाचे, लाकडाचे किंवा अलीकडे सिमेंटचे. जमिनीत रोवलेल्या खुंटीवर तोललेले. कडेजवळच्या खोबणीत दांडा घालून ते जोराने फिरवायचे आणि दांडा बाजूला ठेवून कामाला लागायचे. दांड्याने दिलेली गती हीच सारी पुंजी. पुढे ती फक्त खर्च होत जाते. मातीवर हात दाबला की गती कमी होते, आणि हात चाकाच्या मध्यापासून जितका दूर, तितकी ती अधिक वेगाने कमी होते. रुंद, बसका गोळा मध्यावर आणण्यात बरीच गती खर्ची पडेल. माथ्यावरची लिंबाएवढी माती मात्र अगदी मध्याशी असते, तिला दाबल्याने चाकाला फारसा अडथळा होत नाही. एका फिरवण्यात कित्येक पणत्या होतात त्या यामुळे. शिवाय उकिडव्या बसलेल्या माणसाच्या हातांना माथ्याची उंची सोयीची पडते, आणि भांड्याच्या बुडाखाली बोटे घालण्यास जागा मिळते. तबकडीला चिकटलेल्या वाटीच्या बुडाखाली बोट जात नाही. माथ्यावरच्या वाटीला पायथा तिथल्या तिथे चिमटून देता येतो.

वेळेचा हिशेब तर उघडच आहे. प्रत्येक भांड्यामागे गोळी तोलणे, चिकटवणे आणि चाक थांबवणे यांत अर्धा मिनिट जातो असे धरले, तर हजार पणत्यांमागे 30,000 सेकंद, म्हणजे 8 तास 20 मिनिटे होतात. दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात हा पूर्ण दिवस कोणत्या कुंभाराला परवडेल?

मात्र या वेगाची एक किंमत आहे आणि ती बुडाला मोजावी लागते. तबकडीवर घडलेल्या वाटीच्या तळाला खालून कठीण आधार असतो. बोटाने दाबले की तळाची माती घट्ट होते. माथ्यावर घडलेल्या वाटीच्या तळाखाली मऊ मातीच असते. दाब खाली विरून जातो. भिंत बोटांच्या चिमटीत सापडून घट्ट झालेली, तळ मात्र सैल, जाड आणि आत पाणी साचले असेल तर जास्त ओला. वाळताना काठ आधी आकसतो, तळ मागे राहतो, आणि मग तळाच्या मधोमध चीर पडते. चाकाच्या फिरण्याने मातीला आधीच पीळ बसलेला असतो, म्हणून ही चीर सरळ न जाता नागमोडी वळते. कित्येकदा ती वाळवणीत दिसत नाही. भट्टीतून बाहेर आल्यावर दिसते. म्हणजे माती गेली, श्रम गेले आणि जळणही गेले.

अनुभवी कुंभार यावर तीन उपाय करतो. भिंत वर काढण्यापूर्वी तळ बोटाने मध्याकडे दोन-तीनदा दाबून घेतो. आतले पाणी चिंधीने टिपतो. आणि भांडी उन्हात एकदम न मांडता आधी सावलीत, वाऱ्यापासून जपून वाळवतो. तिन्ही उपाय अगदी साधे आहेत. पण प्रत्येकाला दोन-चार सेकंद आणि हातभर जागा लागते, आणि घाईच्या दिवसांत नेमकी त्यांचीच काटकसर होते. रांगोळीवर ठेवलेल्या पणतीखाली सकाळी तेलाचा मोठा डाग दिसला, तर त्याचे एक कारण ही चीर असू शकते. दुसरे कारण निरुपद्रवी आहे: कच्च्या रोगणाशिवायची माती स्वभावतःच तेल शोषते. त्यासाठी नव्या पणत्या काही तास पाण्यात बुडवून, निथळून, कोरड्या करून वापराव्यात. सच्छिद्र माती पाणी पिऊन घेते आणि तेल कमी शोषते. चीर मात्र भिजवल्याने भरत नाही. ती ओळखायची तर पणती घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारावी. धड पणती खणखणते, चिरलेली बद्द वाजते. तेरच्या संत गोरोबाकाकांनी संतमेळ्यात प्रत्येकाच्या मस्तकावर थापटणे मारून कोण पक्के, कोण कच्चे हे पारखल्याची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. तिच्या मुळाशी कुंभाराची ही रोजची सवयच आहे.

माथ्यावरची घडण ही केवळ भारताची रीत नाही. जपान आणि कोरियातही वाट्या, पेले अशाच घडतात. जपानी कुंभार एकाच मापाच्या वाट्या काढण्यासाठी बांबूचे एक साधन वापरतात. उभ्या काडीला एक आडवी काडी जोडलेली असते. उभी काडी खोली सांगते, आडवी रुंदी. आकारावरून त्याला ‘तोम्बो’, म्हणजे चतुर हा पंखांचा कीटक, असे नाव पडले आहे. कोरियाच्या अनाम कुंभारांनी सोळाव्या शतकाच्या सुमारास घडवलेल्या काही वाट्या जपानमध्ये गेल्या आणि तेथील चहाविधीच्या आचार्यांनी त्या डोक्यावर घेतल्या. त्यांपैकी एक, ओसाकाच्या ताकेदा किझाएमोन या व्यापाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी ‘किझाएमोन इदो’ वाटी, आज क्योतोच्या दाईतोकु-जी मठातील कोहो-आन येथे जपलेली असून तिला जपानच्या राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे. लोककलांचे भाष्यकार यानागी सोएत्सु यांनी ती 1931 मध्ये पाहिली. एका गरीब देशातील साध्या माणसाने, कोणताही आव न आणता, रोजच्या वापरासाठी घाईने घडवलेली ही वाटी आहे आणि तिचे सौंदर्य त्यातच आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. घडवणाऱ्याला या मोठेपणाचा एक पैसाही मिळाला नाही, ही गोष्ट मात्र सौंदर्याच्या चर्चेत बाजूला राहते.

हात इतके सराईत झाले की श्रम दिसेनासे होतात. पाहणाऱ्याला वाटते, भांडे आपोआपच झाले. आगमात नेमका हाच प्रश्न एका कुंभाराला विचारला गेला आहे. उपासकदशांग सूत्राच्या सातव्या अध्ययनातील सद्दालपुत्त हा पोलासपूरचा कुंभार. कुंभार म्हणताच डोळ्यांसमोर येणारे दारिद्र्य त्याच्या घरी नव्हते. एक कोटी सुवर्ण ठेवीत, एक कोटी व्याजाने गुंतवलेले, एक कोटी घरसंसारात, दहा हजार गाईंचे गोकुळ आणि नगराबाहेर पाचशे कुंभारशाळा, अशी त्याची मालमत्ता सूत्राने नोंदवली आहे. अन्न आणि वेतन देऊन ठेवलेली माणसे तेथे भांडी घडवत, दुसरी माणसे ती राजमार्गावर विकत. ठेव, गुंतवणूक, उत्पादन आणि विक्री यांची इतकी स्वच्छ विभागणी आजच्या एखाद्या कर्जप्रस्तावातही क्वचितच आढळेल.

सद्दालपुत्त आजीवक मताचा, गोशालकाचा अनुयायी होता. सारे काही नियत आहे, प्रयत्नाने काही होत नाही, अशी त्याची श्रद्धा. एके दिवशी तो वाऱ्यावर सुकलेली भांडी शाळेतून बाहेर उन्हात मांडत असताना भगवान महावीरांनी त्याला विचारले, हे भांडे कसे झाले? त्याने जे सांगितले ते कोणत्याही कुंभाराने सांगावे असेच आहे. आधी ही माती होती. मग ती पाण्याने भिजवली, तिच्यात राख आणि शेण मिसळले, ती चाकावर चढवली आणि मग तिच्यापासून पुष्कळ भांडी झाली. माती एकदा चाकावर चढते आणि नंतर पुष्कळ भांडी होतात, हा शब्दक्रम माथ्यावरच्या घडणीशी जुळतो. अर्थात हे सर्वसाधारण वर्णन आहे. त्यावरून त्या काळच्या पद्धतीचा निर्णय करणे घाईचे ठरेल. राख आणि शेण मिसळण्याची रीत मात्र ओळखीची आहे. महाराष्ट्रातील कुंभार आजही मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळतात, म्हणजे माती वाळताना आणि भाजताना कमी तडकते.

पुढचा प्रश्न असा होता: ही भांडी प्रयत्नाने झाली, की प्रयत्नावाचून? सद्दालपुत्ताने आपल्या मताला धरून सांगितले, प्रयत्नावाचून. सारे नियतच आहे. तेव्हा भगवंतांनी विचारले, एखाद्याने तुझी ही भांडी चोरली, फोडली, किंवा तुझी पत्नी अग्निमित्रा हिच्याशी दुर्वर्तन केले तर तू काय करशील? तो म्हणाला, त्याला बांधीन, मारीन, प्राणही घेईन. मग प्रयत्न नसेल आणि सारे नियत असेल तर त्या माणसाचा अपराध काय? सद्दालपुत्ताला मुद्दा पटला आणि त्याने श्रावकाची व्रते घेतली.

या प्रसंगाला एक अवघड बाजू आहे. माती ही पृथ्वीकाय आणि आव्याचा अग्नी हा तेजस्काय. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाने टाळायच्या उपजीविका सांगताना अंगारकर्मात कुंभाराचा व्यवसायही मोजला आहे. तरी सद्दालपुत्ताने शाळा बंद केल्याचे सूत्र सांगत नाही. पुढे गोशालक त्याला भेटायला येतो तेव्हा त्या कुंभारशाळा त्याच्याच असतात आणि तो गोशालकाला तेथेच उतरण्यास जागा देतो. दोन्ही गोष्टी परंपरेने जपल्या आहेत, आणि दोन्ही एकत्र वाचणे इष्ट.

आजच्या बाजारात सद्दालपुत्ताचे आधीचे मतच चालते, असे म्हणावेसे वाटते. पणतीची किंमत ठरवताना माती आणि वाहतूक धरली जाते, बुडावर खर्च केलेले दोन सेकंद कोणी धरत नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात, जेथील बहुतेक कुटुंबे मूळची सौराष्ट्रातली, दिवाळीपूर्वी पणत्यांचे ढीग लागतात. त्यांच्याशेजारीच साच्यात दाबलेल्या, रंगवलेल्या, टिकल्या लावलेल्या पणत्या असतात. साच्याला कौशल्य लागत नाही असे नाही, पण ते साचा करणाऱ्याचे. पणती काढणारे हात कोणतेही चालतात. चाकावरच्या घडणीला सावलीतली, ऐसपैस वाळवणीची जागा लागते. पुनर्विकासाच्या नकाशात घराचे चौरस फूट मोजले जातात. पणत्या कोठे वाळवायच्या, हा प्रश्न या लोकांनी वर्षानुवर्षे मांडला आहे.

सरकारी प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. 2004 मध्ये रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी रेल्वेत कुल्हड आणले, पण ते टिकले नाहीत. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 2018 पासून कुंभारांना विजेवरची चाके देण्यास आरंभ केला. त्याचा लाभ निःसंशय मोठा आहे. दांड्याने जड चाक फिरवून खांदा निकामी होत असे, ते टळले. अनेक प्रांतांत स्त्रियांनी चाकाला हात लावू नये अशी रूढी होती. विजेच्या चाकापुढे ती सैल होत आहे. गती संपण्याची भीती गेली, तरी माथ्यावरची घडण सुटलेली नाही, कारण वेळेची बचत तशीच आहे. उलट चाक थकत नसल्याने तळ दाबण्यासाठी दोन सेकंद जास्त देणे आता शक्य झाले आहे.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत कुंभारकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि तारणावाचून दोन टप्प्यांत कर्ज: आधी 1 लाख, 18 महिन्यांत फेडायचे, नंतर 2 लाख, 30 महिन्यांत फेडायचे, व्याज 5 टक्के. व्याजाचा दर उत्तम आहे. अडचण आहे ती हप्त्यांच्या वेळापत्रकाची. कुंभाराने माती आणि जळण पावसाळ्यापूर्वी भरून ठेवायचे असते. पावसात भांडी वाळत नाहीत आणि आवाही लावता येत नाही. पैसा हाती येतो तो आश्विनात, मग पौषात सुगडांचा, मग उन्हाळ्यात माठांचा. दरमहा समान हप्ता हे पगारदार माणसाचे मोजमाप झाले. पीककर्जाची परतफेड सुगीला धरून ठरवण्याची रीत बँकांना नवी नाही. कुंभाराच्या बाबतीत तिचा विचार व्हायला हरकत नसावी. जी कुटुंबे दरवर्षी शेकड्यांनी पणत्या घेतात त्यांनाही यात एक गोष्ट करता येते. मागणी आषाढ-श्रावणातच नोंदवून थोडी रक्कम आधी दिली, तर घाईच्या पंधरवड्याचा ताण उतरतो आणि पणत्या सावलीत वाळतात. मंदिरांना व महिला मंडळांना निर्वाणोत्सवाच्या दीपांसाठी हे सहज जमण्यासारखे आहे.

कुंभाराचे वर्ष दिवाळीला संपत नाही. सुगडांच्या पाठोपाठ वैशाखात अक्षय्य तृतीया येते. पितरांसाठी पाण्याने भरून द्यायच्या लहान घटांना त्या दिवशी महाराष्ट्रात घरोघरी मागणी असते. भगवान ऋषभदेवांना हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने इक्षुरस दिला तो हाच दिवस, आणि वर्षीतपाची पारणी याच दिवशी 108 लहान घटांतील उसाच्या रसाने होतात. श्वेतांबर परंपरेत पहिले मातीचे भांडे ऋषभदेवांनीच घडवल्याची कथा आहे: हत्तीवर बसलेले असताना ओल्या मातीचा गोळा त्यांनी त्याच्या गंडस्थळावर ठेवला आणि त्याला भांड्याचा आकार दिला. पारण्यासाठी हल्ली पुष्कळ ठिकाणी चांदीचे इवलेसे घट वापरतात. मातीचे हवे असतील तर माघ-फाल्गुनात कुंभाराला सांगून ठेवावे. 108 घट त्याच्या दृष्टीने एका गोळ्याचे काम असते, आणि तेवढ्यासाठी तो मोल चढवून सांगत नाही.